शोकसभेतल्या टाळ्या

मुलाखत घ्यायला येणारी पोरं हल्ली एकच प्रश्न विचारतात, "सर, एवढं नाव कसं कमावलंत?" मीही ठरलेलं सांगतो: मेहनत, आई-वडिलांचे आशीर्वाद वगैरे. खरं सांगायचं तर त्या उत्तराचा आता वीट आलाय.

नाव झालं ते आवाजावर. नव्वदीनंतर आमच्या बीड जिल्ह्यात उद्‌घाटनांची साथच आली होती. आज माजलगावात मोटारसायकलींची शोरूम, उद्या परळीत कोचिंग क्लास, परवा मांजरसुंब्याला नवा ढाबा. फीत कापायला पुढारी लागे आणि पुढाऱ्याला मंचावर बोलवायला मी, सूत्रसंचालक. ज्याला कुणी ओळखत नाही त्याला 'सर्वपरिचित' म्हणायचं आणि ज्याला सगळे ओळखून आहेत त्याला 'निष्कलंक', एवढंच माझं काम. मला ते फार छान जमायचं.

वडिलांचं सिरसाळ्यात किराणा दुकान. कपाळाला भस्म लावून सकाळी गादीवर बसले की दिवसभरात शंभर शब्द बोलत नसत. माझा एकच कार्यक्रम त्यांनी ऐकला, साखर कारखान्यावरचा. येताना एसटीत म्हणाले, "लई गोड बोलतूस. पर समदं दुसऱ्याचंच हाय. तुझं कवा बोलणार?"

मला राग आला. मी दुकानात बसलो नाही, तेच हे उकरून काढतायत असं वाटलं. "माझं ऐकायला कोण येणार?" मी म्हणालो.

"मी येईन की."

मी बरं म्हणालो आणि विसरलो. पुढं इतके कार्यक्रम मिळत गेले की घरी जायचो ते कपडे बदलण्यापुरता.

दोन-तीन वर्षांनी वडील गेले. गावातल्या व्यापाऱ्यांनी महादेवाच्या देवळासमोर मांडव टाकून शोकसभा ठेवली. कुणीतरी माईक माझ्याच हातात दिला. "तुमच्याबिगर कोन करणार?" म्हणाले. मलाही त्यात वावगं वाटलं नाही. उलट हायसं वाटलं, कारण हातात माईक असला की मला रडू येत नाही. एकेका वक्त्याचा परिचय करून देत राहिलो. आवाज नेहमीसारखाच लागला होता, याची आजही लाज वाटते.

सभा अर्ध्यावर आली तेव्हा एका पुढाऱ्याची जीप आली. ते मांडवात शिरले आणि माझी जीभ आपोआप सुटली: "ज्यांची आपण आतुरतेनं वाट पाहत होतो, त्यांचं टाळ्यांच्या कडकडाटात स्वागत करू या!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांनाही सवयच होती. पुढाऱ्यानं हात उंचावला, मग त्याला वडिलांचा हार घातलेला फोटो दिसला आणि हात हळूच खाली आला. माझे कान तापले. दुसरा कुणी असता तर माईक खाली ठेवून उठला असता. मी पुढच्या वक्त्याला बोलावलं.

घरी आल्यावर आईजवळ बसलो. म्हणालो, "आई, चुकलो गं. टाळ्या वाजवायला लावल्या मी."

"टाळ्यांचं काय घेऊन बसलास," ती म्हणाली. "वाजल्या, थांबल्या." मग बराच वेळ ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. "नऊ माणसं बोलली. आता माझं लेकरू बोलंल, आता बोलंल, म्हणून मी बसले व्हते. तू आभार मानलेस अन् सभा उठली."

आभार मानताना मी मांडववाल्याला विसरलो नव्हतो, सतरंज्या अंथरणाऱ्यालाही नाही. वडिलांबद्दल माझं स्वतःचं असं एक वाक्यही माझ्या तोंडून निघालं नव्हतं.