गाणारं गाढव

फर्निचरच्या कारखान्यात आबांना सगळे ‘गुळगुळीत’ म्हणायचे. उभा जन्म लाकडाला पॉलिश करण्यात गेलेला. कुणाकडे पाहुणे म्हणून गेले तरी बसल्या बसल्या टेबलाच्या कडेवरून हळूच हात फिरवून बघायचे. बोटाला खरखर लागली की यजमानांचा चहा त्यांना गोड लागत नसे.

निवृत्त झाल्यावर नात त्यांच्या वाट्याला आली. लेक कामावरून परतेपर्यंत पाच वर्षांची ठमी आबांकडे असायची. दोघं एकाच खोलीत आपापलं काहीतरी करत बसत, बोलणं बेताचंच. म्हणून लेकीने युकुलेलीचा संच मागवला. युकुलेली म्हणजे गिटारचं धाकटं भावंड, चार तारांचं. खोक्यात कोऱ्या लाकडाचं पोट, वेगळी मान, खुंट्या, तारा, सगळं सुटं. दोघांनी मिळून जोडायचं, असं लेकीने बजावलं होतं.

पहिल्या दिवशी मान चिकटवली. ठमीने गोंद इतका ओतला की तो तिच्या कोपरापर्यंत पोचला. मग ती पॉलिश पेपर घेऊन लाकूड आडवंतिडवं घासायला लागली. रेषांच्या दिशेने घास, असं आबांनी सांगून पाहिलं, पुन्हा सांगून पाहिलं, आणि शेवटी पेपर तिच्या हातातून काढून घेतला. ती जरा वेळ बघत बसली, मग उठून खिडकीत गेली.

दुसऱ्या दिवशी तिने रंगपेटी आणली आणि युकुलेलीच्या पोटावर निळं गाढव काढलं. त्याला पाच पाय होते. पाचवा म्हणजे शेपूट, दमल्यामुळे खाली टेकलंय, असा खुलासा झाला. लाकडातलं गोल भोक हेच गाढवाचं तोंड.

“ते गातंय,” ती म्हणाली.

आबा डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. ठमीने त्यांना असं हसताना कधी पाहिलं नव्हतं. घरी जाताना जिन्यावर ती आईला गाढवाचं गाणं म्हणून दाखवत होती.

ती गेल्यावर मात्र आबांची नजर रंगाच्या ओघळांवर खिळली. यावर पॉलिश दिलं तर सगळा राडा होणार. आत्ता साफ करू, मग तिच्याकडून पुन्हा नीट काढून घेऊ, अशी त्यांनी मनाची समजूत घातली. आधी कान गेले, मग पाय. रंग लाकडात मुरला होता, तरी सवयीचा हात थांबला नाही. पुढे बरेच दिवस, वास नको म्हणून ठमीला आत पाठवून, गॅलरीत एकट्यानेच पॉलिशचे हात दिले.

वाद्य आरशासारखं झालं. ठमीने ते उलटसुलट करून पाहिलं.

“गाढव कुठे गेलं?”

“परत काढू आपण. याहून छान.”

ती रडली नाही. एखाद्या पाहुण्याने म्हणावं तसं “छान झालंय, आबा” म्हणाली आणि ते कॉटवर ठेवून दिलं. आबांनी तिच्या हातात ब्रश दिला, तर तिने तो परत केला.

“तुम्हीच काढा. तुमचं चांगलं येतं.”

संध्याकाळी लेकीला सगळं कळलं. ती चिडली असती तर बरं झालं असतं. चपला घालता घालता एवढंच बोलली, “बाबा, मी शाळेसाठी पुठ्ठ्याचं घर केलं होतं. तुम्ही ते रात्रीतून नवं करून ठेवलंत. पहिला नंबर मिळाला होता त्याला. मी कुणाला सांगितलंच नाही.”

आबांना ते घर आठवत होतं. आजवर ते त्यांना अभिमानानेच आठवत आलं होतं.

युकुलेली लेकीच्या घरी भिंतीवर टांगलेली आहे. येणारेजाणारे कौतुक करतात, आणि तेवढ्यात आबा काहीतरी निमित्त काढून स्वयंपाकघरात जातात. ठमीने ती वाजवायला कधी घेतली नाही. ती आता सायकलीत रमते. परवा अंगणात बसून ती सायकलला घंटी बसवत होती. आबा पायरीवर येऊन बसले. घंटी तिरकी लागत होती, हे त्यांना लांबूनच दिसलं.

“आबा, तुम्ही येऊ नका हं,” ती मान वर न करता म्हणाली.

“नाही येत,” ते म्हणाले, आणि दोन्ही हात मांडीखाली दाबून बसून राहिले.