मॅडमची चौकशी

करुणा मॅडमला मोठ्या मानाची फेलोशिप मिळायची होती, ती माझ्यामुळं हुकली. हे आधीच सांगून टाकते. पण माझ्या जागी असता तर तुम्ही तरी काय केलं असतं?

मी धुरपदा. शिरूरला मॅडमच्या दातांच्या दवाखान्यात बावीस वर्सं हाय. मॅडम निमोण्याच्या, बौद्धवस्तीतल्या. दवाखाना टाकला तवा लोक खुर्चीत बसायचे, आधी आडनाव विचारायचे आन् मग तोंड उघडायचे. काही तर न उघडताच उठून जायचे. दुसऱ्या वर्सी एक गोडबोल्या माणूस आला. मॅडम कुनाकुनाला फुकट कवळी बसवतात, कुठल्या गावाला जातात, हसत हसत विचारून गेला. मी बावळट, घडाघडा सांगितलं. पंधरा दिवसांत डेंटल कौन्सिलकडं निनावी अर्ज गेला, ही बाई फुकटाचं आमिष दाखवून पेशंट पळवती म्हणून. मॅडमनं सा महिने खेटे घातले. तवापासून आमचं ठरलं, बाहेरच्याला काही सांगायचं न्हाई.

आन् गेल्या श्रावणात फोन आला.

"मी दौंडचा डॉक्टर सत्यजीत. मॅडमना कळू देऊ नका, पण थोडी माहिती हवी होती."

कळू देऊ नका म्हटल्यावर माझं टाळकंच सरकलं.

"त्या वडगाव रासाईला म्हाताऱ्यांना मोफत कवळ्या बसवतात ना? किती वर्षं?"

परत तेच. "कोन म्हनलं? फुकट काय बी न्हाई हितं. वडगावला तर त्या कवाच गेल्या न्हाईत."

"बाई, त्यांच्या भल्यासाठीच विचारतोय."

"भलं करणारे लई बघितलेत," म्हनले आन् फोन ठेवला. मॅडमला बोलले न्हाई, उगं जिवाला घोर कशाला. दोन महिने दाराकडं बघत होते, अर्जाचा कागद कवा येतो म्हणून.

कागद आला न्हाई. दिवाळीनंतर सत्यजीत डॉक्टरच आले. म्हनाले, दातांच्या डॉक्टरांची एक संस्था हाय, तिथली फेलोशिप मागून मिळत न्हाई. दुसऱ्या डॉक्टरनं नाव सुचवायचं, ते बी ज्याचं नाव त्याला न कळता. "मी तुमचं नाव दिलं होतं, मॅडम. पण ऐकीव माहिती चालत नाही, आणि तुमच्याच दवाखान्यातून सगळ्यालाच नाही म्हणाले. नाव बाद झालं."

ते गेल्यावर मी मॅडमपुढं सगळं कबूल केलं. वाटलं, ओरडतील. त्या हातमोजे काढत बसल्या.

"चूक माझीपण आहे, ताई. गप्प राहायला मीच सांगितलं होतं." मग म्हनाल्या, "बावीस वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी आडनाव सोडून माझं काम विचारलं होतं."

त्यांचे डोळे भरले. मला माझीच लाज वाटली. मी बाहेर येऊन दौंडला फोन लावला.

"बाई, यंदाची मुदत संपली," सत्यजीत डॉक्टर म्हनाले.

"संपू द्या. पुढच्या सालासाठी लिवून घ्या. पैली सरूबाई, वडगाव रासाईची. वरची आन् खालची, दोन्ही कवळ्या."