मयूरबनची चार दिवसांची तपासणी

मी आयुष्यात एकदाच पाणीटंचाई निर्माण केली आहे. ती नांदेडमध्ये. श्रेय एकट्याचे नाही. निम्मा वाटा पत्नीचा धरावा.

आम्ही लातूरचे. (पाण्याच्या बाबतीत एवढे सांगणे पुरेसे आहे, तथापि दूरच्या वाचकांसाठी खुलासा करतो.) आमच्या गल्लीत नळ आठ-दहा दिवसांनी येतो. नळाने पहिला खोकला काढला, की लातूरचा माणूस हातातले काम टाकून उठतो. माझ्या साडूच्या मुलीचे लग्न लागत असताना गल्लीत नळ आला. शेवटचे मंगलाष्टक भटजी आणि वधूवर अशा तिघांनीच ऐकले. कोणालाही त्यात वावगे वाटले नाही. नवरदेवाचे वडीलही घागर घेऊन रांगेत उभे होते!

आमची सून वैशाली परिचारिका आहे. गेल्या हिवाळ्यात तिला बढती मिळाली. जागा नांदेडची. होकार की नकार, ते सोमवारपर्यंत लेखी कळवायचे होते. मुलाचे काम संगणकावरचे. तो कोठेही बसून करतो. प्रश्न आम्हा दोघांचा होता.

वैशालीने आडपडदा ठेवला नाही. "अण्णा, तुमी आन आई येणार असाल तर मी बढती घेते. न्हाई तर नकार लिहून देते. तुमाला हितं सोडून मला तिथं घास गोड लागणार न्हाई."

"विचार करतो," मी म्हणालो. (भावना व्यक्त करण्याची माझी हीच पद्धत आहे.)

नांदेडच्या कडेला मयूरबन नावाची नवी वसाहत वाढत होती. तेथे एक घर भाड्याने मिळण्यासारखे होते. मालकाने चार दिवस राहून पाहण्यास किल्ली दिली. मी मोजणी खात्यात तेहेतीस वर्षे काढली आहेत. न मोजलेल्या वस्तूवर माझा विश्वास बसत नाही. मी जाहीर केले, की गुरुवार ते रविवार वसाहतीची तपासणी होईल आणि रविवारी सायंकाळी निकाल दिला जाईल.

"चार दिवसांत लोकं पोरगीसुद्धा बघून ठरवतेत," पत्नी म्हणाली. "तुमी वसाहतीला काय पोहे करायला लावणार का?"

मी टेप आणि वही पिशवीत घातली.

अहमदपूर, लोहा करीत आम्ही गुरुवारी दुपारी पोहोचलो. मयूरबनात मोर नव्हते. बनही नव्हते. चाळीस घरे होती, दोन रस्ते होते, आणि त्यांतला एक मध्येच थांबून शेतात गेला होता. 'नियोजित उद्यान' अशा पाटीखाली सात शेळ्या नियोजनपूर्वक चरत होत्या.

शेजारच्या सुमनबाई हिमायतनगरच्या. कुंपणावरूनच त्यांनी चौकशी केली. मी वही उघडली.

"भाजीबाजार कोठे आहे?"

"होणार हाय की."

"शहरात जाणारी बस?"

"ती बी होणार हाय."

"औषधांचे दुकान?"

"गाळा घेऊन ठेवलाय बगा एकानं. होणारच हाय."

"पाणी?"

"पाणी रोज येतंय."

मी लेखणी थांबवली. बस नाही, बाजार नाही, हे मी एका क्षणात मान्य केले होते. पाणी रोज येते, यावर मात्र शहाण्या माणसाने कसा विश्वास ठेवावा? मी 'रोज' असे लिहिले आणि पुढे प्रश्नचिन्ह काढले.

सायंकाळी वसाहतीच्या जलकुंभाची तपासणी केली. घेर टेपने मोजला. उंची सावलीवरून काढली. पाणी सोडणारे मस्तानभाई खाटेवर बसून शांतपणे पाहत होते.

"साहेब, काय करून राहिले?"

"मोजणी."

"कशापायी?"

"निर्णय घ्यायचा आहे."

मस्तानभाई उठून उभे राहिले. मला हा आदर वाटला. ती काळजी होती, हे नंतर कळले.

शुक्रवारी सकाळी सहाला नळ आला. पुढचा तास मला सलग आठवत नाही. पत्नी आणि मी एकमेकांशी एक शब्दही न बोलता कामाला लागलो. चाळीस वर्षांच्या संसारात आमचे एकमत असे या एकाच विषयावर होते. हौद भरला. गच्चीवरची टाकी भरली. बादल्या, पातेली, कुकर, कुकरची आतली भांडी, परात, चहाचे कप, तांब्या, तांब्यावरचे फुलपात्र भरले. कोपऱ्यात मालकाचा कूलर होता. थंडीचे दिवस असूनही तो भरला. तरी नळ चालूच! असा उद्धटपणा आम्ही लातुरात कधी पाहिला नव्हता. वाहते पाणी सोडून बसणे दोघांच्याही स्वभावात नव्हते. पत्नी कुंपणाकडे धावली.

"सुमनबाई, दोन-चार भांडी द्या की! मोठी बगून द्या!"

"काय काकू, पाव्हणे येऊन राहिले का?"

"न्हाई ओ, पाणी भरायलोय."

"आवं, उद्या येतंय की पुन्हा!"

मी भरलेली घागर उचलत होतो. तेथूनच म्हणालो, "उद्याचा भरवसा देता येत नाही."

हे वाक्य मी आयुष्यभर उच्चारीत आलो आहे. लातुरात त्याला कोणी मानही वर करीत नाही. परंतु सुमनबाईंनी आदल्या सायंकाळी मला टेप घेऊन जलकुंभाभोवती फिरताना पाहिले होते. मस्तानभाईंकडून त्यांना 'निर्णय घ्यायचाय' हेही समजले होते. त्यांनी आम्हाला दोन पातेली आणि एक टोप दिला. मग घरात जाऊन स्वतःचा पिंप बाहेर काढला. तो गडगडत नळाकडे नेत असताना समोरच्या बाईंनी विचारले, "काय झालं ओ?" त्यानंतर मयूरबनात कोणालाही काही विचारावे लागले नाही.

शनिवारी सकाळी मी गच्चीवर गेलो आणि थक्क झालो. चाळीसच्या चाळीस घरे पाणी भरीत होती. पिंप, टब, दुधाच्या किटल्या, एका अंगणात तर लग्नातली दोन पातेली! एक गृहस्थ मोटारसायकल धुण्याचा पाइप तोंडात धरून पाणी ओढत होते. मी पत्नीला वर बोलावले.

"बघ. रोज येते म्हणत होते ना? मग हे लोक एवढे का भरत आहेत?"

"माझ्या मनात आलंच होतं," पत्नी म्हणाली. "आपल्यापासून लपवायलेत."

"त्यांना काहीतरी ठाऊक आहे."

"मग बसलाव काय? चला खाली!"

आम्ही उरलेली भांडीही भरली. उरलेली म्हणजे चमचे सोडून सर्व. आम्ही भरतो आहोत हे पाहून शेजाऱ्यांनी वेग वाढवला. त्यांनी वेग वाढवला हे पाहून आम्ही कूलरवर पातेले ठेवले. साडेसहाला मागच्या ओळीतून ओरडा सुरू झाला. तिकडे आता थेंबही पोहोचत नव्हता. मस्तानभाईंनी विहीर उपसावी तशी बोअरवेल दिवसभर चालवली. शेवटी मोटारीनेच जीव सोडला.

रविवारी नळातून फक्त हवा आली. मला दुःख झाले असे लिहिले, तर ते खोटे ठरेल. मी वही काढली. 'पाणी : अनियमित. रहिवासी सत्य सांगत नाहीत. निर्णय : नापसंत.' अक्षर सुरेख आले होते.

दुपारी वैशाली लातूरहून आली. मी तिला अहवाल उभ्यानेच वाचून दाखवला.

"बरं अण्णा," ती म्हणाली. "उद्या नकार लिहून देते."

तिच्या आवाजात तक्रार नव्हती. असती तर मला सोपे गेले असते. ती पाय धुवायला न्हाणीघराकडे गेली आणि लगेच परत आली.

"अण्णा, न्हाणीत पाय ठेवायला जागा न्हाई."

"पाणी आहे."

ती स्वयंपाकघरात गेली. "शेगडीवर बी?"

"पाणी."

"आन हे देवापुढं?"

"ते तुझ्या सासूने भरले," मी म्हणालो. पत्नीने माझ्याकडे पाहिले. ती नजर येथे देत नाही.

वैशाली भरलेल्या परातीला वळसा घालून माझ्यासमोर आली. "अण्णा, हितं पाणी येत न्हाई म्हणून तुमी घर नापसंत केलं. मग हे सगळं आलं कुठून?"

तेहेतीस वर्षांच्या नोकरीत मी शेकडो हद्दींचे तंटे ऐकले. एवढा सरळ प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. मी वहीत उत्तर शोधत होतो, तेवढ्यात दार वाजले.

दारात वसाहत होती. पुढे अध्यक्ष, त्यांच्या बाजूला मस्तानभाई, मागे सुमनबाई, आणि त्यांच्या मागे मागची ओळ रिकाम्या घागरींसह.

"साहेब," अध्यक्ष म्हणाले, "पाणी बंद व्हायचा हुकूम कधीचा हाय? आम्हाला कागद दाखवा."

"कसला हुकूम?"

"तुमी पाणी खात्याचे ना?"

"मी भाडेकरू आहे. म्हणजे, होणार आहे. म्हणजे, नापसंत केले आहे."

"मग टाकी कशापायी मोजली?" मस्तानभाईंनी विचारले.

"सवय."

"आन उद्याचा भरवसा न्हाई असं ह्यांनीच सांगितलं मला!" सुमनबाई पुढे आल्या. "घागर खांद्यावर घेऊन! म्हटलं, इतका मोठा साहेब स्वतः पाणी भरून राहिला, तर नक्कीच काहीतरी हाय!"

"ते मी लातुरात नेहमीच म्हणतो," मी म्हणालो.

कोणीतरी मागून विचारले, "लातूरचे हाव का तुमी?" मी मान हलवली. जमावातून एक दीर्घ 'हां' आला. (एवढा समजूतदार आणि एवढा अपमानकारक 'हां' मी ऐकलेला नाही.)

मस्तानभाई चपला काढून आत आले. घरभर फिरले. कूलरमध्ये वाकून पाहिले. बाहेर येऊन त्यांनी टोपी काढली.

"चार वर्षं झाली, टाकी एक दिवस बी रिकामी पडली न्हाई. दोन माणसं आन इतकं पाणी? अण्णा, तुमी पिऊन राहिले की पोहून राहिले?"

मागची ओळ हसली. मग पत्नी पदर खोचून पुढे झाली. "हसताव काय? घागरी आणल्याव ना? या आत!" पुढचा तासभर आमच्या घरातून मयूरबनला पाणीपुरवठा झाला. पत्नी ओतून देत होती, वैशाली रांग लावीत होती, मी चहाचे कप रिकामे करीत होतो. त्या तासात पत्नीला सगळ्या घरांची आडनावे, माहेरे आणि दुखणी कळली. माझ्या चार दिवसांच्या तपासणीत त्यांपैकी एकही नोंद नव्हती.

घर रिकामे झाल्यावर मी वहीतला 'ना' खोडला. उरलेला 'पसंत' वैशालीला दाखवला. तिने वही दोन्ही हातांनी धरली आणि बराच वेळ वाचली. शब्द एकच होता.

"अण्णा, खरंच?"

"लिहिले आहे," मी म्हणालो.

परंतु एक अडचण राहिली होती. अध्यक्षांनी घसा साफ केला. "तुमाला वसाहत पसंत पडली, आनंद हाय. पण आता आम्हाला बी थोडा इचार करावा लागंल."

नियोजित उद्यानात बैठक बसली. शेळ्या हलवण्यात आल्या. मी कुंपणाबाहेर उभा होतो. तेहेतीस वर्षे मी लोकांना असेच बाहेर उभे केले होते. आत काय चालले असेल, याचा विचार मात्र त्या दिवशी प्रथमच केला. वैशाली आमची बाजू मांडत होती. तिचा आवाज अधूनमधून येत होता. "मनानं लई चांगले हायत ओ... कुणाचं वाईट चिंतत न्हाईत... फक्त नळ दिसला की भान राहत न्हाई." एवढी प्रामाणिक शिफारस मला सेवेतही मिळाली नव्हती.

ठराव मंजूर झाला, एका अटीसह. वैशालीने सोमवारी होकार कळवला आणि पुढच्या महिन्यात आम्ही मयूरबनात राहायला आलो.

आता मी रोज सकाळी पावणेसहाला घर सोडतो, शेतापर्यंत चालत जातो आणि सातला परततो. वसाहतीत नव्याने आलेली मंडळी माझ्या नियमितपणाचा आदर्श आपल्या मुलांपुढे ठेवतात. त्यांना अट ठाऊक नाही. माझी पाठ शेवटच्या खांबापलीकडे गेल्याशिवाय मस्तानभाई पाणी सोडत नाहीत.