वदादचे तीन बुधले

आमच्या झाहलेत वाइन पितात ते पाहुणे आणि पाद्री. बाकीचे अरक पितात, म्हणजे द्राक्षांची बडीशेप घालून गाळलेली दारू, आणि का पितात असं कोणी कोणाला विचारत नाही. अशा गावात चपलांच्या दुकानात काम करणाऱ्या वदादला वाइनचा नाद लागावा, ही तिच्या वडिलांच्या मते देवाने केलेली थट्टा होती. वडिलांना सगळे अबू नखले म्हणत. थोरला मुलगा नखले ब्राझीलला जाऊन तिकडचाच झाला, पण बापाला मुलाच्या नावाने हाक मारायची रीत काही बोटीत बसून जात नाही.

नाद लागला तो एका शंकेतून. उतारावर त्यांची तीन पायऱ्यांची द्राक्षबाग आहे. तिन्ही पायऱ्यांवर एकच वाण, पांढरा ओबेदी. तोडणीच्या वेळी वदाद तोडायची कमी आणि खायची जास्त. वरच्या पायरीचा मणी जिभेवर ओल्या दगडासारखा रेंगाळायचा, खालचा नुसताच गोड. तिने बापाला सांगितलं.

"भट्टीत गेलं की सगळं एकच," अबू नखले म्हणाले. "माणसांचंही तसंच आहे, फक्त ते जरा उशिरा कळतं."

वदादचं काही समाधान झालं नाही. ती तिन्ही पायऱ्यांची थोडी थोडी द्राक्षं मागून घेऊन वेगवेगळी आंबवू लागली. पहिल्या खेपेचा शिरका झाला. दुसऱ्या खेपेला कुजक्या अंड्यांचा असा वास सुटला, की कोंबड्याही लांबून जात. तरी पोरगी हटेना. जमेल तसं शिकली, आणि जे जमलं ते दर गुरुवारी गच्चीवर शेजाऱ्यांना कॉफीच्या कपातून वाटू लागली. अट एकच: प्यायचं नंतर, आधी वास कशाचा येतो ते सांगायचं.

"माझ्या सासूच्या रजयांच्या पेटीचा," उम्म हबीब म्हणाली. ती पलीकडच्या घरात राहते आणि तिच्या तोंडाला झाकण नाही.

"म्हणजे चांगला की वाईट?"

"सासू वाईट होती. पेटी चांगली होती."

एकाने कपात बर्फ टाकला, दुसऱ्याने लिंबू मागितलं. लोक आले ते हसायला. पुढे भांडायला येऊ लागले, आणि भांडता भांडता त्यांची नाकं कामाला लागली. अबू नखले मात्र गच्चीवर कधी फिरकले नाहीत.

मग एक साल मनासारखं आलं. वदादने तीन मोठे काचेचे बुधले भरले, पायरीगणिक एक, आणि तळघरात मागच्या भिंतीला लावून ठेवले. दोन हिवाळे तिने त्यांना हात लावला नाही. येत्या डिसेंबरात बार्बारा संतिणीच्या सणाला उकडलेल्या गव्हासोबत ते उघडायचे आणि कुठल्या पायरीचं कुठलं हे न सांगता सगळ्यांना पाजायचे, असं ठरलं. जिभेवरचा तो फरक खरा आहे की आपल्याच डोक्यातला, हे तिला एकदाचं कळणार होतं.

त्या उन्हाळ्यात गारपीट झाली आणि निम्मी बाग गेली. भट्टी लावायची वेळ आली तेव्हा अबू नखलेंच्या पिंपांत तांब्याचा हंडा भरेल एवढाही रस नव्हता. तळघरात शोधता शोधता त्यांना तीन बुधले दिसले. आमच्याकडे आंबलेला रस भट्टीवाचून इतके दिवस पडून राहिला, याचा अर्थ कोणीतरी तो विसरलं. विसरलेला रस शिरका होण्याआधी वाचवावा, हे शहाण्या माणसाचं काम. त्यांनी तिन्ही बुधले हंड्यात रिकामे केले.

वदाद दुकानातून आली तेव्हा अंगणात ओकची लाकडं पेटली होती. तिचे तीन बुधले, स्वच्छ धुतलेले, कट्ट्यावर पालथे घातले होते.

"तुझा रस वाया जात होता," बाप खुशीत म्हणाला. "वाचवला बघ."

वदाद आत गेली. दार लावलं आणि उशीत तोंड खुपसून रडली. उम्म हबीबने मात्र अबू नखलेंची सालं काढली.

"अहो, दोन वर्षं पोर त्याची राखण करत होती! तुम्ही पाव्हण्याला भट्टीत घातलंत आणि वर म्हणता वाचवला."

"मला काय ठाऊक? मला कोण सांगतं?"

"गुरुवारी गच्चीवर आला असतात तर कळलं असतं."

त्यानंतर बापलेकीत मीठ दे, पाणी दे, एवढंच बोलणं उरलं. बार्बाराचा सण कोरडाच गेला.

अरक मुरल्यावर एका दुपारी अबू नखलेंनी पेला भरला, पाणी घातलं, ते दुधासारखं पांढरं झालं. एक घोट घेतला आणि थांबले. बडीशेपेच्या मागे काहीतरी होतं. जन्मभर भट्टी लावली, पण हे कधी भेटलं नव्हतं. दुसरा घोट त्यांनी पाणी न घालता घेतला. मग वदादच्या खोलीपाशी जाऊन दारातच उभे राहिले.

"त्या बुधल्यांत काय होतं?"

"द्राक्षं."

"ते मलाही कळतं, बाळ. कुठली?"

"वरची, मधली, खालची. वेगवेगळी."

"मग हे जे लागतंय जिभेला, ते कुठल्या पायरीचं?"

वदादने पहिल्यांदा वर पाहिलं. "ते आता कसं कळणार? तुम्ही सगळं एक केलंत."

'माफ कर' हा शब्द अबू नखलेंना येत नव्हता, आणि तो यायचं वयही गेलं होतं.

पुढच्या शरदात बाग लगडून आली. शेजारी रिवाजाप्रमाणे भट्टीच्या निखाऱ्यात भाजायला टोपलीभर बटाटे घेऊन आले, तर अंगणात धूर नाही, हंडा पालथा, आणि अबू नखले स्टुलावर बसून नुसतेच सिगारेट ओढताहेत.

"कोण गेलं?" उम्म हबीबने घाबरून विचारलं.

"कोणी नाही गेलं. यंदा भट्टी नाही. सगळी द्राक्षं पोरीला दिली."

"सगळी? का हो?"

"तिला काहीतरी बघायचंय," अबू नखले म्हणाले. मग सिगारेट विझवत हळूच म्हणाले, "मलापण."