सुनंदाच्या खोकल्याची नोंदवही

स्वतःच्याच अक्षरात स्वतःविरुद्ध पुरावा लिहून ठेवणारा माणूस तुम्ही पाहिलाय का? मी रोज दाढी करताना बघतो. बसा, चहा येईपर्यंत सांगतो.

मला रोजनिशीची सवय. रोज लिहायचं, तेही वेळ टाकून. मागच्या थंडीत आमच्या हिला, सुनंदाला, खोकला लागला. संध्याकाळी सुरू व्हायचा तो झोप लागेपर्यंत. डॉक्टर म्हणाले, "धूर-धुळीपासून जपा." मला एवढं पुरलं. एरोसोल म्हणजे नुसता फवाऱ्याचा डबा नव्हे, हवेत तरंगणारे बारीक कण, धुरातलेसुद्धा, हे मला चोपन्नाव्या वर्षी कळलं. नवीन ज्ञान झालेला माणूस किती धोकादायक असतो, तुम्हाला सांगायला नकोच.

शेजारी शेवंताअक्का, सत्तरीच्या. जळगावात थंडी पडली की आमची अख्खी गल्ली संध्याकाळी त्यांच्या अंगणात वांगी आणून देते. कपाशीच्या वाळलेल्या काड्यांच्या जाळावर अक्का ती भाजतात. तसलं भरीत गॅसवर होत नाही. आता धूर समोर दिसत असताना आरोपी शोधायला मी लांब कशाला जाऊ?

वही घेऊन गेलो. समजावलं, हे कण छातीत खोल उतरतात, वर जाऊन ऊन अडवतात, ढगांच्या कामातही लुडबुड करतात.

अक्कांनी वांगं उलटलं. "म्हणजे मना जाळ ढगलेबी तरास देस?"

"थोडाफार देतो, अक्का."

"ढगनं जाऊ दे. सुनंदाले तरास व्हस ना? मंग बंद."

बंद म्हणजे बंद. गल्ली गॅसवरचं भरीत खाऊ लागली आणि माझ्याकडे बघू लागली. समोरचे नाना म्हणाले, "भाऊ, काल भरीत खाल्लं. वांगं होतं असं बायको म्हणत होती."

मी सगळं सोसलं. पण खोकला वाढला हो. मग मी आणखी सावध झालो. उरलासुरला धूर येऊ नये म्हणून पाच वाजताच खिडक्या बंद. आत कोंडलेले डास सुनंदाला चावू नयेत म्हणून एकीच्या जागी दोन कॉईल, थेट तिच्या खाटेखाली. काळजीत मी कुठे कमी पडलो नाही.

आठव्या दिवशी अक्का आल्या. "खोकला कसा शे?"

"वाढलाय."

"मंग तुन्ही वहीमा काय लिखेल शे? वाची दाखाड."

वही वाचून दाखव असं मला आजवर कोणी म्हटलं नव्हतं. मी चष्मा पुसून सुरुवात केली.

"सहा दहा, अक्कांकडे धूर नाही. सहा पंधरा, खिडक्या तपासल्या, बंद. सहा वीस, दोन कॉईल लावल्या. सहा पन्नास, सुनंदाला खोकला."

"कालनं वाच."

तेच होतं.

"मना जाळ व्हता तवयनं?"

"अक्कांकडे धूर. एक कॉईल लावली. खोकला..." मी ओळीवर बोट ठेवून पुन्हा एकदा बघितलं. "थोडा कमी."

अक्का सावकाश वाकल्या आणि खाटेखाली बघितलं. "भाऊ, हाई काय धुपी राह्यनं?"

सुनंदा खोकत खोकत म्हणाली, "पहिल्या दिवसापासून सांगतेय, त्या कॉईलनं डोळे चुरचुरतात. ते लिहिलंत का?"

नव्हतं लिहिलं. वहीत तिच्या बोलण्याचा रकानाच नव्हता.

कॉईल गेली, मच्छरदाणी आली, खिडक्या उघडल्या. पंधरा दिवसांत खोकला बसला. अक्कांचा धूर अगदीच निर्दोष होता असं नाही, म्हणून आता वांगी गल्लीच्या टोकाच्या मोकळ्या प्लॉटवर भाजतात. काड्यांचा भारा तिथवर रोज मी नेतो. तशी शिक्षाच झाली आहे.

वहीत मात्र एक रकाना आहे, 'धूर कुठून आला'. त्या दिवशी तिथे सुनंदानं स्वतःच्या हातानं लिहिलं, 'आमच्या ह्यांच्याकडून. काळजीपोटी.'

वेळ टाकायला ती विसरली. ती मी टाकली.