दोन दांड्यांचं मशीन

भिंगरीकाकांचं खरं नाव विचारलंत तर गल्लीतली माणसं डोकं खाजवतील. जन्मभर लिफ्ट दुरुस्तीची कामं केलेला हा माणूस. कुठल्या तरी इमारतीत लिफ्ट अडकली की हे ताटावरून उठून निघाले, असं वर्षानुवर्षं चाललं. निवृत्तीनंतर लिफ्ट अडकायच्या थांबल्या नाहीत, फक्त ह्यांना बोलावणं थांबलं. पाय मात्र थांबेनात. सकाळचा चहा घशाखाली उतरला रे उतरला की चपला पायात. कुठे, कशाला, परत कधी, हे विचारायचं काकूंनी केव्हाच सोडून दिलं होतं. त्या नुसतं "निघालात?" म्हणायच्या, आणि हे "आलोच" म्हणून जे जायचे ते दुपार उलटल्यावर उगवायचे.

घरातली लोखंडी शेगडी काकूंची. खोली तिच्यामुळे उबदार व्हायची, आंघोळीचं पाणी तिच्यावर तापायचं, आणि तिला लागणारी लाकडं काकू मागच्या अंगणात स्वतः फोडायच्या. नवरा घरात सापडत नाही म्हणून सुरुवात झाली असेल, पण पुढे ते त्यांचंच काम होऊन बसलं. ओंडका फिरवून गाठ कुठे आहे ते बघायचं, गाठ टाळून घाव घालायचा, की दोन फाका दोन बाजूंना. काकांना त्यांनी कुऱ्हाडीला हात म्हणून लावू दिला नाही. "तुम्ही आपल्या लिफ्टा बघा. लाकूड हे घाईच्या माणसाचं काम नाही," म्हणायच्या.

थंडी सरता सरता काकूंच्या डाव्या अंगावरून वारं गेलं. पाय सावरला. जीभ तर आधीपेक्षा धारदार झाली. पण डावा हात मांडीवर पडला तो पडलाच. बोटं कशीबशी मिटायची, जोर म्हणाल तर शून्य.

काकांनी पहिल्यांदा कुऱ्हाड उचलली तेव्हा ती गाठीत अशी रुतली की ओंडक्यासकट वर आली. काकू दारात उभ्या होत्या. त्या हसल्या नाहीत, आणि तेच काकांना जास्त लागलं. मग शेजारचा सुतार लाकडं फोडून द्यायला लागला. देवमाणूस बिचारा, पण तो गेला की काकू त्या ढिगाकडे पाठ करून बसायच्या. एक दिवस म्हणाल्या, "दुसऱ्याने फोडलेली लाकडं जाळायची म्हणजे आपल्याच घरात पाहुण्यासारखं बसायचं. मला माझी लाकडं मला फोडता आली पाहिजेत. बाकी काही मागत नाही मी."

"मशीन आणतो," काका म्हणाले आणि चपला शोधायला लागले.

आता लाकडं फोडायचं मशीन घ्यायचं म्हणजे दुकानात जावं, बघावं, घेऊन यावं. छे. काकांनी त्याचा असा काही कीस पाडला की ते लांबून दिसले तरी दुकानदार फोन कानाला लावायचे. पेट्रोलवरचं पाहिलं, त्याच्या आवाजाने सगळी गल्ली गोळा झाली असती. लाकडात गरगर फिरत घुसणाऱ्या टोकाचं पाहिलं, त्यात एखादीची बाही अडकली तर, या विचाराने त्यांना दुकानातच घाम फुटला. जड चाकाच्या झटक्यावर चालणारं पाहिलं, त्यात डोळ्याचं पातं लवायच्या आत लाकूड फुटायचं. बोटही तितक्यातच जाईल, असं म्हणून काका तिथूनही बाहेर पडले. घरी आले की जेवता जेवता त्या मशीनचे दोष सांगायचे, हात धुवायचे, आणि एक दुकान राहिलं म्हणून पुन्हा निघायचे.

शेवटी तेलाच्या दाबावर चालणारं, पाचर वरून सावकाश खाली आणणारं मशीन पसंत पडलं. तरी घोडं अडलंच, कारण त्यातही प्रकार होते. दुकानदाराने एका दांड्याचं पुढे केलं, एकच दांडा दाबला की पाचर उतरणारं.

"एक हात दांड्यावर," काका म्हणाले, "मग दुसरा कुठे असतो?"

"मोकळा."

"म्हणजे पाचरीखाली जायला मोकळा. अहो, दार उघडं असताना हलणारी लिफ्ट पाहिलीय मी. तसलं काही पुन्हा बघायचं नाही मला."

लिफ्टवाल्याचा तो धर्मच असतो. दार पुरतं लागल्याशिवाय लिफ्ट हलता कामा नये, आणि दोन्ही हात जागेवर असल्याशिवाय पाचर हलता कामा नये. दुकानदाराने वैतागून कोपऱ्यातलं दोन दांड्यांचं मशीन ओढून काढलं. दोन्ही दांडे दाबून धरले तरच पाचर उतरायची. काकांनी डावा सोडला, पाचर थांबली. उजवा सोडला, थांबली. त्यांना इतकं बरं वाटलं की त्यांनी दुकानदाराच्या पाठीवर थाप मारली.

मशीन टेम्पोतून घरी आलं तेव्हा थंडी पुन्हा तोंडावर आली होती. सुताराने उतरवायला हात दिला. काकांनी अंगणात जागा सपाट केली, वायर ओढली, एक ओंडका फोडून दाखवला आणि ऐटीत बाजूला झाले. "ये. आता तू."

काकूंनी केस मागे सारले. बघण्यासारखा चेहरा झाला होता त्यांचा. मशीनसमोर उभ्या राहून त्यांनी उजवा हात उजव्या दांड्यावर ठेवला. मग त्या डाव्या दांड्याकडे बघत राहिल्या.

काकांनी त्या दांड्याकडे पाहिलं, मग स्वतःच्या हातांकडे. एवढी दुकानं पालथी घातली, एवढी मशीनं दाबून पाहिली, पण दर वेळी स्वतःच्या दोन धडधाकट हातांनी.

सुतार घसा खाकरून हळूच म्हणाला, "तो डावा दांडा तारेने बांधून टाका काका. सगळे तसंच करतात." आणि आपल्याला काम आहे असं पुटपुटत निघून गेला.

काका तरातरा आत गेले, तार घेऊन आले. दारं लागायच्या आत लिफ्ट चालवता यावी म्हणून असली तार जोडणाऱ्या माणसाला त्यांनी एकदा सगळ्यांसमोर फैलावर घेतलं होतं, पुन्हा त्याला जवळ केलं नव्हतं. आज तसलीच तार त्यांनी डाव्या दांड्याला दोन वेढे गुंडाळली. मग काकूंच्या त्या लोंबत्या हाताकडे त्यांचं लक्ष गेलं. पाचरीखाली गेला तर त्याला झटकन मागेही येता येणार नव्हतं. त्यांनी वेढे सोडले. तार फेकून दिली आणि चपला चाचपायला लागले.

"बदलून आणतो. आत्ता जातो. आलोच."

"थांबा," काकू म्हणाल्या. "एक मशीन घ्यायला एवढे महिने लागतात होय? तुम्हाला घरात थांबायचं नव्हतं."

"तसं नाही गं," काका म्हणाले. एक चप्पल पायात, एक बाहेर. मग त्यांनी तीही काढली. "तसंच आहे. तो हात बघवत नाही मला. भीती वाटते."

"मला रोज बघावा लागतो."

तेल चोळायला बाई यायची, डॉक्टरकडे न्यायला रिक्षा होती. दुखण्यानंतर त्यांनी स्वतः त्या हाताला एकदाही हात लावला नव्हता.

काकूंनी उजव्या हाताने डावा उचलला आणि दांड्यावर नेऊन ठेवला. "इकडे या. माझ्या हातावर हात ठेवा. दाबा."

काकांनी ठेवला. हात गार होता. काकूंनी उजवा हात उजव्या दांड्यावर नेला, दोन्ही दांडे खाली गेले, पाचर उतरली, ओंडका करकरला. आणि भिंगरीकाका ते भिंगरीकाकाच, लाकूड फुटलंच असं समजून हात काढून मोकळे. पाचर तिथल्या तिथे थांबली.

"सोडलात लगेच?"

"फुटतच आलं होतं."

"पुरतं फुटेस्तोवर धरायचं असतं. ठेवा परत."

त्यांनी परत ठेवला. मशीन सावकाश चालणारं. काकांनीच पारखून घेतलेलं, त्यामुळे बोलायची सोय नव्हती. आपल्या तळव्याखालची बोटं त्यांना एकेक करून कळत होती. पाय चुळबुळत होते, पण हात हलला नाही. ओंडका मधोमध चिरत गेला आणि दोन्ही फाका खाली पडल्या.

काकूंनी वाकून एक फाक उचलली, उलटसुलट करून पाहिली आणि टोपलीत टाकली. काका वळले.

"निघालात?" काकूंच्या तोंडून सवयीने गेलं.

"ओंडका आणतो," काका म्हणाले. "गाठ कुठल्या बाजूला ठेवायची?"