तपासलेलं पाणी

अमळनेर तालुक्यातलं ते गाव विद्यापीठाने दत्तक घेतलं होतं. दत्तक घेतलेल्या लेकराला लोक निदान दोन वेळा जेवू तरी घालतात. विद्यापीठाने गावाला प्रश्न विचारले. एवढं मोठं विद्यापीठ, त्याचे इतके विभाग, आणि प्रत्येक विभागात कुणाला तरी कशावर तरी प्रबंध लिहायचाच असायचा. गाडी पारापाशी थांबली की गावातली पोरं न विचारताच बोट दाखवायची, "भागाबाईनं घर तठे शे."

भागाबाई होतीच तशी. बोलायला मोकळी, आणि कुणी ऐकतंय म्हटलं की हातातलं काम टाकून ओट्यावर बसणारी. मराठी विभागाने तिच्याकडून लग्नातली गाणी भरून नेली. वनस्पतिशास्त्रवाल्यांनी कुठली साल कशावर उगाळून लावतात ते लिहून घेतलं, अर्थशास्त्रवाल्यांनी तिच्या शेळ्या मोजल्या. समाजशास्त्राच्या एका मुलीने विचारलं, "गावात अजून भेदभाव जाणवतो का?" त्यावर भागाबाई इतकी हसली की ती मुलगी बावचळून गेली. बौद्ध बाई, गावाच्या कडेला घर, सारी उमर दुसऱ्यांच्या शेतात निंदणी केलेली. पाणी मागितलं की वरून ओंजळीत ओतायचे आणि ओतताना धार जितकी उंच धरता येईल तितकी धरायचे. हे सगळं तिने हसत हसतच सांगितलं आणि त्या मुलीने खाली मान घालून लिहून घेतलं.

म्हणूनच तिला घरापुढच्या हापशाचा एवढा अभिमान. नवरा चिंधा सुरतेला गिरणीत राबला आणि तिथून आल्यावर सगळ्यात आधी त्याने दारात बोअर मारला. पाणी लागलं, आणि चवीला गोड लागलं. चिंधा पुढे गेला, हापसा राहिला. गावातलं मात्र कुणी त्या पाण्याला हात लावत नव्हतं.

मग एका उन्हाळ्यात रसायनशास्त्र विभागाचे योगेंद्र सर आले. सर म्हणजे तरणाबांड पोरगाच, घामाने थबथबलेला. आधी तो तांब्याभर पाणी घटाघटा प्यायला, मग त्याने आणखी मागितलं. नंतर धुतलेल्या पांढऱ्या बाटलीत हापशाचं पाणी भरलं, बूच घट्ट लावलं, वर चिठ्ठी चिकटवली आणि लेकराला ठेवावं तशी ती बाटली पेटीत नीट ठेवली. भागाबाईच्या डोळ्यांत पाणी आलं. ज्या पाण्याचा लोकांना विटाळ, ते पाणी साहेब लोक जपून विद्यापीठात नेत होते.

"विद्यापीठनी मना हापसानं पानी नेलं," हे तिने साऱ्या गावाला सांगितलं. पाण्यात काहीतरी असल्याखेरीज का कुणी नेतं, असं गावालाही वाटलं. दोन आळ्या सोडून राहणारी बेबाबाई, जी कधी उंबऱ्याशी थांबली नव्हती, ती एके दिवशी येऊन वाटीभर पाणी पिऊन गेली. त्या दिवशी भागाबाईने चिंधाच्या फोटोपुढे उभं राहून त्याला सांगितलं, म्हणाली, बघ.

वर्षभराने योगेंद्र सर पुन्हा आले. भागाबाईने राखेने घासून लखलखीत केलेला तांब्या पुढे केला. सरांनी तांब्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

"नको मावशी, आत्ताच घेतलं."

"घोटभर ल्या ना भाऊ."

"खरंच नको."

पाणी मात्र त्यांनी बाटलीत भरून नेलं. गाडी धुरळा उडवत गेली तरी भागाबाई तांब्या हातात धरून उभी होती. तिला वाटलं, कळलं ह्याला. कुणीतरी आपली जात सांगितली. मागच्या खेपेला तहानेने बेजार होता, म्हणून विचारलं नसेल. मनातल्या मनात तिने त्याला लाख शिव्या दिल्या, आणि तिथेच तिचं डोकं फिरलं.

त्याच सुमारास गावात नळ आले. सून सपना म्हणाली, "आत्या, आतेपासून पेवाले नळनं पानी भरूत."

"ज्याले मना हापसानं नको, त्याले नको," भागाबाई कडाडली. "ह्या घरमा हाईच पानी पेतीन."

सपनाने वाद घातला नाही. हापशाच्या पाण्याने पोट फुगतं म्हणून ती स्वतःपुरती नळाची घागर कोपऱ्यात ठेवू लागली. मुलगा रविंद्र मात्र आईचा शब्द खाली पडू न देणारा. कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला जाताना हापशाच्या पाण्याची मोठी कॅन भरून न्यायचा आणि उन्हाळ्यात ती दिवसभरात रिकामी करायचा. आईपेक्षा कितीतरी जास्त पाणी त्या एकट्याच्या पोटात जायचं. आई कौतुकाने बघत राहायची.

वर्षं गेली. रविंद्रचे पाय सुजू लागले, मग तोंड सुजलं. धुळ्याच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, दोन्ही मूत्रपिंडं निकामी होत आलीत. डॉक्टरांनी हेही विचारलं होतं, "पाणी कुठलं पिता?" तेव्हा उत्तर द्यायला भागाबाईच पुढे सरसावली होती. "घरनं हापसानं. विद्यापीठनी तपासेल शे." डॉक्टर बरं म्हणाले आणि पुढचं विचारू लागले. तेव्हापासून रविंद्रची धुळ्याची वारी लागली. आठवड्यातून दोनदा एसटीने जायचं, रक्त यंत्रातून गाळून घ्यायचं, संध्याकाळी पिळून काढल्यासारखं परतायचं. पाणी दिवसाला मोजून, जेमतेम घसा ओला होण्यापुरतं.

यंदाच्या मे महिन्यात पुन्हा विद्यापीठाची गाडी आली. सारिका नावाची मुलगी होती, योगेंद्र सरांच्याच हाताखाली शिकणारी. सर आता मोठे झाले होते, विभाग सांभाळत होते. रविंद्र धुळ्याला गेला होता. सारिकाने बाटली भरली, बूच लावलं आणि सहज विचारलं, "आजी, हे पाणी तुम्ही पीत नाही ना अजून?"

"पेतस ना. कसाले नही?"

मुलीचा चेहरा उतरला. "अहो, यात फ्लोराईड खूप आहे, हे पिण्यासारखं नाही. सरांनी तेव्हाच मांडलं होतं. परदेशातल्या मासिकात छापून आलं, सरांना त्यावर पदवी मिळाली. आता ते किती वाढलंय, हा माझा विषय आहे."

"आम्हले कोनी सांगं नही."

"अहवाल गेला असेल ना कुठेतरी. सरांना वाटलं असेल पंचायत सांगेल..." ती बाटलीवर चिठ्ठी चिकटवू लागली. "आणि तसं आम्ही कुणाचं घर, नाव छापत नाही. नुसता नमुना म्हणून येतं."

 भागाबाईला तो घासलेला तांब्या आठवला, ती खाली गेलेली मान आठवली. त्याला जात नव्हती कळली. त्याला पाणी कळलं होतं. ते त्याने स्वतःपुरतं टाळलं, आणि तोंडातून एक शब्द काढला नाही. त्या एका शब्दाने तिचं घर वाचलं असतं. आणि तिने काय केलं? अपमान झाला म्हणून तेच पाणी हट्टाने पोटच्या पोराला पाजलं.

"मना आंडोरनं, रविंद्रनं, मूत्रपिंड गयं," ती म्हणाली. "हाई पानीमुळेच का?"

"खात्रीने नाही सांगता येत, आजी. दुसरीही कारणं असतात," सारिका खरंखुरं कळवळून म्हणाली. "त्यावर संशोधन व्हायला हवं."

तिची बाटली तयार होती. जाताना ती भागाबाईच्या पाया पडली आणि गाडीत बसून गेली. विद्यापीठाचं माणूस पाणी न विचारता जाऊ दिलं, असं त्या घरात पहिल्यांदा झालं.

आता खात्रीने सांगणारं कुणी नव्हतं आणि खात्री नाही म्हणून सुटकाही नव्हती. चिंधाच्या फोटोकडे बघायची तिची हिंमत होईना. सपनाला सगळं ऐकू गेलं होतं. ती पीठ मळत राहिली. ती बोलली असती, तोंडावर दोन शब्द मारले असते, तर भागाबाईला सोसलं असतं.

संध्याकाळी रविंद्र आला. दारातच खाटेवर आडवा झाला, ओठ सुकून पांढरे पडलेले.

"माय, आजनं पानी ऱ्हायनं शे मनं. घोटभर दे. आपला हापसानंच दे, गोड लागस."

भागाबाई आत गेली. हापशाचा माठ तसाच झाकलेला होता. कोपऱ्यातल्या सुनेच्या घागरीतून तिने पेल्यात थोडं पाणी ओतलं आणि बाहेर आणलं. रविंद्रने तो घोट तोंडात धरला, घोळवला, आणि आईकडे पाहिलं.

"हाई आपलं नही, माय."

"आपलंच शे," भागाबाई म्हणाली. "पी."